मुक्तिनाथला पाठवू की नको?

प्रश्न : आई-बाबांचं (वय ६८ आणि ७२) नोव्हेंबरचं काठमांडू-पोखरा-मुक्तिनाथ बुकिंग जूनमध्येच केलंय, अर्धे पैसे भरून झालेत. सप्टेंबरात तिकडे जे झालं ते टीव्हीवर बघून माझी झोप उडालीय. टूरवाले म्हणतात सगळं नॉर्मल आहे, कॅन्सल केलंत तर रिफंड नाही. बाबा म्हणतात पशुपतिनाथानं बोलावलंय, तो बघून घेईल. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, टूरवाल्यांचं ‘नॉर्मल’ आणि चॅनेलवाल्यांचं ‘नेपाळ पेटलं’, दोन्ही जरा बाजूला ठेवा. ८ सप्टेंबर २०२५ला सोशल मीडियावरची बंदी आणि भ्रष्टाचार यावरून तरुण पोरं रस्त्यावर आली, गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी संसद आणि सिंहदरबार (तिथलं मंत्रालय) पेटले, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, विमानतळ बंद पडला, आणि १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्कींचा अंतरिम पंतप्रधान म्हणून शपथविधीसुद्धा झाला, म्हणजे सगळं चार-पाच दिवसांत. राग पुढाऱ्यांवर होता, टुरिस्टांवर नाही, पण काठमांडूत आणि पोखऱ्यातही हॉटेलं जळली हेही खरंय, आत कोण उतरलंय हे आग बघत नाही.

निवडणूक ५ मार्च २०२६ला ठरली होती. म्हणून मी तरी नोव्हेंबरला हो म्हणेन, ऐन निवडणुकीचा फेब्रुवारी-मार्च असता तर सरळ नको म्हटलं असतं.

खरी भीती अडकून पडायची. बीपी-शुगरच्या गोळ्या ८-१० दिवस जास्तीच्या द्या, त्या हँडबॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नको. टूरवाल्यांकडून लेखी घ्या (व्हॉट्सॲपवर का होईना) की कर्फ्यू लागला किंवा फ्लाइट रद्द झाली तर जास्तीच्या रात्रींचं हॉटेल कोण देणार आणि तारीख बदलून मिळणार का. इथे ते आढेवेढे घ्यायला लागले तर अर्धे पैसे गेले समजा आणि सोडून द्या. इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका, दंगल-संप बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात, बारीक अक्षरात.

आणि खरं सांगू का, मला दंग्यापेक्षा मुक्तिनाथच्या उंचीची जास्त काळजी वाटते, ३७०० मीटरच्या वर आहे ते, ७२व्या वर्षी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

बाबांना म्हणावं, पशुपतिनाथानं बोलावलंय ते ठीक, पण विमानाला ओळखपत्र लागतं, पासपोर्ट नाहीतर ओरिजिनल मतदार कार्ड, ६५च्या वरच्यांना आधारही चालतं, ते आत्ताच शोधून ठेवा.