नवी बॅटरी टाकूनही गाडी सेल्फ घेत नाही. अल्टरनेटर बदलायचा का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: दोन महिन्यांपूर्वी नवी बॅटरी टाकली. गाडी रोज चालवली तर काही त्रास नाही. दोन दिवस उभी राहिली की मात्र सेल्फ मारल्यावर नुसती टकटक होते, दुसऱ्या गाडीवरून जंप दिला की लगेच सुरू होते. मेकॅनिक म्हणतोय अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बदला. बदलायचा का?

आत्ता नाही. आधी मोजा, मग ठरवा. टकटक आणि जंप दिल्यावर सुरू होणं, यावरून एवढंच कळतं की सेल्फच्या वेळी बॅटरीत बहुधा दम उरलेला नसतो. तो का उरत नाही याची कारणं तीन असू शकतात. बॅटरीच चार्ज धरत नसेल, गाडी चालताना तिच्यापर्यंत पुरेसं चार्जिंग पोहोचत नसेल, किंवा गाडी उभी असताना काहीतरी करंट ओढत असेल. तिन्हींत सकाळी ऐकू येणारा आवाज सारखाच. त्यामुळे आवाजावरून पार्ट बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या आधीच्या गाडीला आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या आणि एक अल्टरनेटर लागला, तरी तिसरी बॅटरी उतरायला लागली. शेवटी मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं यंत्र) घेऊन बसले. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. अल्टरनेटरच्या जाड वायरवर १४.३ व्होल्ट आणि बॅटरीवर जेमतेम १३. मधले सव्वा व्होल्ट जात कुठे होते? मीटरची एक प्रोब अल्टरनेटरच्या धातूच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर लावली, तर १.२ व्होल्ट दिसले. तिथे शून्याच्या जवळपास काहीतरी दिसायला हवं होतं. त्या गाडीत बॅटरीचा मायनस आधी बॉडीला आणि तिथून एका विणलेल्या पट्टीने इंजिनला जोडलेला होता. पट्टीला हात लावला तर गरम लागली. बोल्ट काढला तेव्हा तिच्या टोकाशी हिरवी भुकटी आणि शाबूत उरलेल्या मोजक्याच तारा. अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीच्या मायनसपर्यंत करंट परत जायच्या वाटेचा दोष होता तो. आणि जंप दिल्यावर गाडी लगेच का सुरू व्हायची तेही तेव्हाच कळलं. जंपर केबलचा काळा चिमटा आम्ही नियमाप्रमाणे इंजिनच्या धातूला लावायचो, म्हणजे ती सडलेली पट्टी आपोआप टाळली जायची. पट्टी बदलली आणि त्रास संपला. काढलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी निदान एक तरी चांगली होती, याची अजूनही हळहळ वाटते.

तुमच्या गाडीतही हेच असेल असं मी म्हणत नाही, पण मोजायची पद्धत हीच. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवा. प्रोब वरच्या क्लॅम्पला न लावता बॅटरीच्या शिशाच्या खुंटावरच टेकवा.

पहिलं रीडिंग रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं घ्या, सगळं बंद असताना. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. म्हणजे भरलेली आणि रिकामी यांत फरक फक्त अर्ध्या-पाऊण व्होल्टचा. ‘बारा व्होल्ट दाखवतेय म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. आतले सहा सेल प्रत्येकी २.१ व्होल्टचे असतात, त्यामुळे चार्ज करूनही रीडिंग साडेदहाच्या आसपासच अडकत असेल तर एक सेल गेला असं समजा.

दुसरं रीडिंग सेल्फ मारताना, त्यासाठी दुसरं कोणीतरी सोबत घ्या. पण त्याआधी बॅटरी बाहेरच्या चार्जरने रात्रभर पूर्ण चार्ज करा. उतरलेली बॅटरी या परीक्षेत नापासच होणार, ती नवी असली तरी. शिवाय पार उतरलेली बॅटरी भरून काढणं हे अल्टरनेटरचं कामच नाही. जंप देऊन अर्धा तास फिरवल्याने ती भरत नाही आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच होतं. भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज सेल्फ मारताना ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीवर संशय घ्या. उलट गाडी नुसतं ‘टक्’ करतेय आणि व्होल्टेज १२ च्या वरच राहतंय, तर बॅटरीत ताकद आहे पण ती स्टार्टरपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरपर्यंत जात नाही. मग टर्मिनल, केबल आणि स्टार्टर बघा. टर्मिनल हाताने जरासुद्धा फिरत असेल तर तिथेच थांबा, ते साफ करून घट्ट करा आणि मग पुढे जा.

तिसरं रीडिंग इंजिन चालू असताना. १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर लावून अॅक्सिलरेटर थोडा दाबा. तरीही १३ च्या खाली राहून आकडा घसरत असेल तर चार्जिंग नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग) गेलाय, आणि तसंच चालवत राहिलात तर नवी बॅटरीही उकळून संपेल. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे बॅटरी भरलेली असताना आकडा मुद्दाम खाली ठेवलेला दिसू शकतो. अशा गाडीत सगळे लोड लावून काही मिनिटं थांबा, लगेच निकाल देऊ नका.

चार्जिंग कमी आलं तरी अल्टरनेटर उतरवायच्या आधी तो फिरवणारा पट्टा बघा. तो चकचकीत, गुळगुळीत झाला असेल किंवा ताण कमी असेल तर पुलीवर घसरतो, बहुतेक वेळा ओल्या हवेत किंचाळतोही. इग्निशन ऑन केल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा लागतो का तेही बघा. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला तर चार्जिंग सुरूच होत नाही, आणि इशारा द्यायला दिवाही नसतो. मग मी वर सांगितलं तसं अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्यामधला ड्रॉप (वाटेत पडणारं व्होल्टेज) लोडवर, म्हणजे दिवे-ब्लोअर चालू ठेवून मोजा: प्लस ते प्लस, आणि अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस. दोन्हीकडे ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. त्याहून फार जास्त असेल तर दोष वायरिंगचा.

एक कळकळीची विनंती. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडते का बघू’ ही चाचणी कोणालाही करू देऊ नका. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं आणि त्या झटक्याने गाडीचा कॉम्प्युटर जाऊ शकतो.

आता तुमच्या गाडीबद्दल. रोज चालवली तर चालते आणि दोन दिवसांत उतरते, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा धागा आहे. अल्टरनेटर अजिबात चार्ज करत नसता तर रोजच्या वापरातही एक-दोन दिवसांत गाडी आडवी झाली असती. बंद गाडी घड्याळ, लॉक वगैरेंसाठी साधारण २० ते ५० मिलिअँपिअर घेते. ५० धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांच्या भरलेल्या बॅटरीला त्याने दोन दिवसांत काहीच होत नाही. दोन दिवसांत अर्धी बॅटरी उतरायला सुमारे अर्धा अँपिअर सतत जायला हवा. डिकीतला पाच वॉटचा बल्ब जवळपास तेवढाच घेतो. त्यामुळे चार्जिंगचे आकडे बरोबर आले तर माझा संशय ड्रेनवर, म्हणजे उभ्या गाडीत करंट ओढणाऱ्या कशावर तरी आहे. डिकीत फोनवर व्हिडिओ रेकॉर्डिंग लावून झाकण बंद करा, दिवा विझतो का ते कळेल. डॅशकॅम, नंतर बसवलेला स्टिरिओ, अलार्म, ट्रॅकर हे नेहमीचे संशयित.

तरीही सापडलं नाही तर बॅटरीचा मायनस काढून त्याच्या आणि खुंटाच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. दारं आणि बॉनेटची लॅच स्क्रू ड्रायव्हरने आधीच बंद करून ठेवा, म्हणजे गाडीला सगळं मिटलंय असं वाटेल. किल्ली लांब ठेवा आणि तासभर थांबा, कारण आतली युनिट झोपायला वेळ घेतात. घाईने घेतलेलं रीडिंग हमखास जास्त येतं. मीटर असा जोडलेला असताना इग्निशन ऑन करू नका, सेल्फ तर नाहीच, मीटरचा फ्यूज उडेल. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा झपकन खाली येतो त्या सर्किटमध्ये चोर आहे.

एकाही फ्यूजने आकडा हलला नाही, तर मग तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं खरं असू शकतं. अल्टरनेटरमधला एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) शॉर्ट झाला की बॅटरीचा करंट रात्रभर उलटा त्यातून वाहत राहतो, आणि दिवसा चार्जिंग बऱ्यापैकी दिसतं. मायनस पूर्ण सुटा करून अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोकाला नीट टेप गुंडाळा आणि ड्रेन पुन्हा मोजा. तो गेला असेल तर अल्टरनेटर उतरवा. आणखी एक ताळा म्हणजे इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर मोजणं. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोडच समजा. बरेच इलेक्ट्रिशियन डायोडची प्लेट तेवढी बदलून देतात, अख्खा अल्टरनेटर घ्यायच्या आधी तसं विचारून बघा.

बॅटरी आधी चार्जरवर लावा. नंतर तिन्ही रीडिंग आणि ड्रेनचा आकडा इथे लिहिलात तर पुढे काय उघडायचं ते मी सांगते.