पहिल्यांदाच समुद्रावर येणाऱ्या मित्रांना आठवडाभर बोटीवर कसं सांभाळावं?

तुम्ही क्रोएशियात स्प्लिटहून आठवड्यासाठी शिडाची बोट घेतली आहे, सुकाणू तुमच्याच हाती आहे, आणि जळगाव-भुसावळकडची तीन जोडपी येणार आहेत. मी मूळचा चोपड्याचा. याच बेटांमध्ये आपल्याकडची माणसं घेऊन फिरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे, पाहुण्यांना बसवून ठेवू नका. आपल्याकडे पाहुण्याला पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देतात. बोटीवर असं केलंत तर दोन दिवसांत तुम्ही थकाल आणि ते अवघडून जातील. शिवाय आत नुसतं बसलेल्यालाच बोट जास्त लागते. एकाला दोरखंड, एकाला कडेचे फेंडर (बोट धक्क्यावर घासू नये म्हणून टांगायचे हवेचे फुगे), एकाला पाण्याच्या टाकीचा काटा, असं प्रत्येकाला काम नेमून द्या. बोट लागण्याची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. त्रास झाला तर मागच्या बाजूला उघड्यावर बसून क्षितिजाकडे बघायला सांगा.

संडासाबद्दल पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर, बायकांसमोरही, स्पष्ट बोला. नळी बारीक असते, कागद किंवा पॅड आत गेलं की तुंबलंच. लाजेपायी हे कोणी विचारत नाही, म्हणून यजमानानेच पंप कसा मारायचा ते करून दाखवायचं. लाइफ जॅकेट आणि संकटात मदत मागायचा रेडिओचा १६ नंबर चॅनलही तेव्हाच दाखवा. गावच्या विहिरीत पोहणारा समुद्रात बिनधास्त उडी मारतो, त्याला आवरा: आधी इंजिन बंद, शिडी खाली, मग उडी. किनाऱ्याच्या खडकांवर काळे काटेरी जीव चिकटलेले असतात, त्यामुळे पायात रबरी बूट हवेतच.

पाणी सगळ्यांना मिळून काही शे लिटर. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावातल्या माणसांना त्याचं मोल सांगावं लागत नाही.

जेवणाचं मात्र मनापासून ठरवा. शेव, काळा मसाला आणि बिबड्या (ज्वारीचे पापड) घरून मागवा. हलत्या बोटीवर शेवभाजीसारखं सोपं काही नाही, एका पातेल्यात होते. तळण नको. भरिताची वांगी निखाऱ्यावर भाजायचा हट्टही सोडा, बोटीवर उघडी आग नको. भारतातून तूप, पेढे, खवा आणता येत नाही. दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे. ताज्या फळांनाही बहुतेक वेळा वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, पण केळीला लागत नाही. जळगावकरांना हे आवर्जून कळवा!

आता मार्ग. बोट ताशी पाच-सहा सागरी मैल चालते, म्हणजे साधारण दहा किलोमीटर. जळगाव-भुसावळ एवढ्या अंतराला अडीच तास. नकाशा बघून मित्र दुब्रोव्हनिकही मागतील, देऊ नका. ब्राच, ह्वार आणि व्हिस ही तीन बेटं पुरेत. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून माएस्ट्राल वारा उठतो आणि संध्याकाळी पडतो, म्हणून नवख्यांना घेऊन सकाळीच निघा आणि जेवणाच्या वेळी नांगर टाका. हवामानाच्या अंदाजात बुरा दिसला, म्हणजे ईशान्येकडून डोंगर उतरून येणारा झोतांचा वारा, तर कोणी कितीही म्हणो, बंदर सोडायचं नाही.

ह्वारवर स्तारी ग्रादला एक रात्र ठेवाच. ग्रीकांनी इ.स.पू. ३८४ मध्ये वसवलेलं गाव आहे, आणि त्यांनी दगडी बांध घालून आखलेल्या शेतांत आजही द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात. शेतकऱ्यांची पोरं आपण. ते बांध बघताना माझ्याबरोबरच्या माणसांना वेळेचं भान राहत नाही. व्हिसला दोन रात्री द्या. युगोस्लाव्हियाचा लष्करी तळ असल्याने १९८९ पर्यंत परदेशी माणसाला तिथे जाता येत नव्हतं, त्यामुळे बेट अजून शांत आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात: क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे व्हिसा शेंगेनचा काढायला सांगा. बोटीवरच्या सगळ्यांची यादी पासपोर्टप्रमाणे आधी द्यावी लागते. कडक सुटकेस ठेवायला जागा नसते, घडी होणाऱ्या पिशव्याच आणू द्या. खर्चाची वर्गणी पहिल्या दिवशी गोळा करा, आणि बोटीला काही लागलं तर अनामतीतला तोटा कोण सोसणार हे ते विमानात बसण्याआधीच बोलून घ्या. बोट शनिवारी सकाळी रिकामी करायची असते, पण परतायचं शुक्रवारी. त्या दुपारी डिझेलच्या पंपावर बोटींची रांग लागते, तेव्हा स्प्लिटला जेवणाआधीच पोहोचा.