वाचक विचारतात : ओळखीच्या नंबरावरून आलेली अनोळखी फाइल

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील वाचकांनी मोबाईलवर येणाऱ्या फसव्या संदेशांविषयी पाठवलेली चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळखीच्याच एका शेतकऱ्याच्या नंबरावरून पीएम किसानच्या नव्या यादीची फाइल आली. मी ती उघडली आणि मोबाईलने मागितलेल्या परवानग्याही दिल्या. थोड्या वेळाने माझ्या नंबरावरून तीच फाइल माझ्या सगळ्या ग्रुपवर गेली. खात्यातील पैसे अजून जागेवर आहेत. आता काय करावे?

उत्तर : पैसे जागेवर आहेत म्हणजे धोका टळला, असे कृपया समजू नये. आपण उघडली ती यादी नव्हतीच. ज्या फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात ती वाचण्याचा कागद नसून मोबाईलमध्ये बसणारे ॲप असते. असे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि ती एकदा मिळाली की बँकेने पाठवलेला ओटीपी आपल्या नकळत भामट्यांपर्यंत पोहोचतो. म्हणजे आपण तो कोणालाही सांगितला नाही, तरीही खाते रिकामे होऊ शकते. ओटीपी कोणाला सांगू नये हा सल्ला आता घराघरात पाठ झाला आहे, परंतु या प्रकारात तो पुरा पडत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पीएम किसान योजनेचे वर्षाचे 6,000 रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत जमा होतात आणि हप्त्याच्या सुमारास प्रत्येक शेतकऱ्याचे लक्ष मोबाईलकडे लागलेले असते. भामट्यांनी हे नाव नेमके त्यासाठीच उचलले आहे. वाहतूक दंडाचे ई-चलन आणि लग्नपत्रिका या नावांनीही अशाच फाइली फिरतात.

सर्वांत आधी मोबाईलचा डेटा व वायफाय बंद करून तो एअरप्लेन मोडवर ठेवावा. घरातील दुसऱ्या मोबाईलवरून, एटीएम कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर बँकेला फोन करून यूपीआय, कार्ड आणि नेट बँकिंग थांबवण्यास सांगावे. शाखा उघडी असेल तर थेट तेथे जावे. त्यानंतर सेटिंग्जमधील ॲपच्या यादीतून ते ॲप काढून टाकावे. अशी काही ॲप आपले चिन्ह लपवतात किंवा काढू देत नाहीत, तेव्हा फोटो आणि फवारणीच्या नोंदी दुसरीकडे उतरवून घेऊन मोबाईल फॅक्टरी रीसेट करणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. मग एअरप्लेन मोड काढून, कॉल दुसरीकडे वळवले गेले असतील तर ते बंद करण्यासाठी ##002# डायल करावे आणि व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी उपकरण दिसल्यास ते काढावे. यूपीआय पिन मोबाईल साफ झाल्यावरच बदलावा, आधी बदलून उपयोग नाही.

आणि आजच सर्व ग्रुपवर कळवावे. ज्यांच्या नंबरावरून ती फाइल आपल्याकडे आली त्यांना फोनही करावा, कारण आपल्या नावाने काय चालले आहे याची त्यांना बहुधा कल्पनाही नसेल.

प्रश्न : मी साताऱ्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. ‘आपले वीजबिल थकले असून आज रात्री साडेनऊ वाजता पुरवठा खंडित होईल’ असा संदेश आणि सोबत एक लिंक आली. बिल भरलेले असूनही मन धास्तावले. खरी लिंक ओळखावी कशी?

उत्तर : हा संदेश गेली काही वर्षे राज्यभर फिरत आहे. महावितरण असा संदेश कोणाच्या दहा आकडी वैयक्तिक नंबरावरून पाठवत नाही. खऱ्या संदेशात पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचे ठरलेले नाव दिसते. 2025 पासून अशा नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षरही जोडले जाते: जाहिरातीसाठी ‘पी’, सेवेसाठी ‘एस’, व्यवहारासाठी ‘टी’ आणि सरकारी संदेशासाठी ‘जी’.

लिंकचा पत्ता शेवटाकडून वाचावा. पाकिटावर आधी कितीही नामांकित वाड्याचे नाव लिहिले तरी पत्र शेवटी लिहिलेल्या तालुक्यालाच जाते, तसेच येथे आहे. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिच्या लगत डावीकडे जे शब्द असतात ते त्या लिंकचे खरे गाव. बहुतेक सरकारी संकेतस्थळे तेथे ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतात. बँकांना रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर येण्यास सांगितले होते. महावितरणचे संकेतस्थळ मात्र ‘महाडिस्कॉम डॉट इन’ आहे, म्हणजे प्रत्येक खऱ्या संस्थेच्या पत्त्यात ‘गव्ह’ असतेच असे नाही. शिवाय आखूड केलेल्या लिंकमध्ये खरा पत्ता दिसतच नाही. त्यामुळे आपल्याला एकच सवय सुचवावीशी वाटते: संदेश खरा वाटला तरी त्यातील लिंकवरून जाऊ नये, नेहमीचे ॲप स्वतः उघडून किंवा बिल भरणा केंद्रात जाऊन थकबाकी पाहावी.

प्रश्न : मी विट्याची गृहिणी आहे. लिंकवर कार्डाचा तपशील आणि ओटीपी भरला आणि काल 38,000 रुपये गेले. मालक गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, कामासाठी परराज्यात असतात, त्यांना सांगण्याची हिंमत होत नाही. पैसे परत मिळतील का?

उत्तर : आपले पत्र हाती येईपर्यंत चार दिवस गेले होते, म्हणून आपल्याला फोनवर कळवले, येथे इतरांसाठी लिहीत आहे. ताई, असे घडले की पत्र लिहिण्यापूर्वी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा 1930 हा क्रमांक लावावा. 2021 साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत तक्रार नोंदताच पैसे ज्या बँकेत गेले तिला सूचना जाते आणि ती रक्कम तेथेच रोखता येते. भामटे मात्र काही मिनिटांत ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवतात आणि रोख काढून घेतात, त्यामुळे पहिल्या तासाचे मोल फार आहे. फोन लावताना व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ समोर ठेवावी. बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी.

परताव्याविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने 2017 साली आखून दिलेल्या चौकटीत ओटीपीसारखा तपशील ग्राहकानेच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असे ठरले आहे. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी तसेच निर्देश मिळाले. म्हणजे आपल्या बाबतीत खरी आशा आहे ती वेळेत रोखल्या गेलेल्या रकमेची.

आणि घरच्यांना विनंती. रागावण्याच्या भीतीने माणूस गप्प बसतो आणि तेवढ्यात पैसे पुढे निघून जातात. आपल्या घरात आई, वडील किंवा पत्नी ‘मला फसवले’ असे म्हणाली, तर प्रथम फोन लावून द्यावा. बोलायचे ते नंतर बोलता येते.

प्रश्न : कराडहून लिहीत आहे. फसवणूक झालेली नाही, परंतु कर्ज आणि प्लॉटच्या जाहिरातींचे संदेश दिवसभर येतात. ते थांबवता येतील का?

उत्तर : 1909 या क्रमांकावर इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट 0’ असा एसएमएस पाठवल्यास जाहिरातींचे संदेश बंद करण्याची नोंद होते. त्यानंतरही संदेश आला तर सात दिवसांच्या आत त्याच क्रमांकावर किंवा दूरसंचार नियामक ट्रायच्या डीएनडी ॲपवर तक्रार करावी. पैसे गेलेले नसून संदेश केवळ संशयास्पद वाटत असेल, तर केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेत त्याची माहिती देता येते.