वाचक विचारतात, वकीलताई सांगतात: बॅगेतला मोठा चाकू चालतो का?

प्रश्न: ताई, मी नाशिकला असतो, दर वीकेंडला कुठला ना कुठला गड ठरलेला. ऑनलाइन एक फोल्डिंग चाकू मागवला, पातं साडेपाच इंच, उघडला की लॉक बसतो. ग्रुपमधले म्हणतात नऊ इंचाच्या आत काहीही चालतं, बिनधास्त ठेव. बाबा म्हणतात एक दिवस आत जाशील. नक्की काय?
– एक ट्रेकर, नाशिक

उत्तर: ग्रुपने अर्धा नियम वाचलाय आणि बाबांनी पेपरातल्या बातम्या वाचल्यात, आणि खरं सांगू का, बाबांचं वाचन जास्त कामाचं आहे.

नऊ इंच आलं कुठून ते आधी बघू. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात तलवार, खंजीर, भाला यांच्या रांगेत चाकू पण आहेत, पातं नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद असेल तर, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेला नसेल तर. आता फोल्डिंग चाकूचं पातं नऊ इंचाचं करायचं म्हणजे मूठ पण तेवढीच हवी, उघडल्यावर दीड फुटाचं प्रकरण होतं, ते खिशात कोण घालणार? त्यामुळे बाजारातले बहुतेक फोल्डिंग चाकू या मापाच्या आतच बसतात आणि लोकांना वाटतं झालं, सुटलो.

पण महाराष्ट्रात अशा केसमध्ये शस्त्र कायद्याच्या जोडीला हमखास दुसरा एक कायदा येतो. कुठलीही बातमी काढा, शेवटची ओळ ठरलेली असते, "भारतीय हत्यार कायदा कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७(१), १३५ प्रमाणे गुन्हा दाखल". हे ३७(१) नीट समजून घ्या. शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी शांतता राखण्यासाठी मनाई आदेश काढतात, आणि सणवार, निवडणुका, मोर्चे धरले तर वर्षातले बरेच दिवस कुठे ना कुठे तो चालूच असतो. आपण वॉट्सअपवर आला की "जमावबंदी लागू" एवढंच वाचून पुढे सरकवतो. एकदा पूर्ण वाचून बघा. शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या आणि वर "शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू" जवळ बाळगायला मनाई. इंचाचा उल्लेख शोधून सापडणार नाही. तुमचा साडेपाच इंची काय, तीन इंची पण त्यात बसतो. आदेश मोडला तर कलम १३५, शिक्षा एक वर्षापर्यंत, आणि न्यायाधीशांना कारण लिहिल्याशिवाय चार महिन्यांच्या खाली येता येत नाही.

आणि ट्रेकरमंडळींना हमखास माहीत नसलेली गोष्ट वेगळीच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३१, अभयारण्यात शस्त्र घेऊन जायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. आणि त्या कायद्यात शस्त्र म्हणजे काय याच्या यादीत धनुष्यबाण, जाळी, फासे, विष यांच्यासोबत "चाकू" असं सरळ लिहिलंय, तिथेही माप नाही. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हे सगळं अभयारण्यात आहे, भीमाशंकर आणि कोयना पण. म्हणजे नाशिककरांच्या निम्म्या आवडत्या जागा इथेच आल्या. तिथे कांदा-टोमॅटो घरून चिरून न्या, गावात जेवणाची सोय होतेच, दोरी कापायला छोटी कात्री पुरते. अभयारण्याबाहेरच्या गडावर न्यायचाच असेल तर आधी मनाई आदेश चालू आहे का ते बघा, आयुक्तालयाच्या किंवा जिल्ह्याच्या वेबसाइटवर असतो, आणि नसेल तर चाकू सॅकच्या तळाशी, स्वयंपाकाच्या सामानात, बंद करून. पँटच्या खिशाला क्लिप लावून एसटी स्टँडवर फिरू नका, स्टाइल मारायची ती गडावर जाऊन मारा.

प्रश्न: रात्री नाकाबंदीत बॅग तपासली आणि चाकू निघाला तर करायचं काय? आणि बटण दाबून उघडणारा असेल तर जास्त लफडं होतं का?
– ऑफिसची नाइट शिफ्ट करणारा, पिंपरी

उत्तर: होतं. बटणाचा चाकू म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात रामपुरी येतो, सफरचंद कुणाच्याच डोक्यात येत नाही. दिल्लीत तर १९८० ची खास अधिसूचना आहे, बटणदार, स्प्रिंगवाले आणि अशाच यंत्रणेने उघडणारे चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ किंवा जास्त रुंद असेल तर. मात्र ती अधिसूचना बनवणं, विकणं, विक्रीसाठी जवळ ठेवणं अशा गोष्टींबद्दल आहे, आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमकं यावरच बोट ठेवून एकाचा गुन्हा रद्द केला, की बाबा आरोपपत्रात तो विकायला आणला होता असं कुठेच म्हटलेलं नाही. वाचायला बरं वाटतं, पण त्या माणसाला त्यासाठी पार सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं हे पण बघा ना. तो खर्च आणि ते हेलपाटे चाकूच्या किमतीत धरलेत का तुम्ही?

नाकाबंदीत पोलिसांनी बॅग उघडायच्या आधी स्वतः सांगा की आत चाकू आहे, अमुक कामाचा आहे. हातात घेऊन उघडून दाखवायला जाऊ नका, काढायचा तर त्यांनाच काढू द्या. जप्त केला तर पंचनाम्यात पात्याची लांबी वेगळी आणि मुठीची वेगळी लिहायला सांगा. बरेचदा "एकूण लांबी २६ सेंमी" असं मुठीसकट एकच माप पडतं आणि मग ते नऊ इंचाच्या वर दिसतं, खरं पातं पाच इंचाचं असलं तरी, आणि हे नंतर कोर्टात निस्तरताना वकिलाचा घाम निघतो. कोऱ्या कागदावर सही नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं असतं, शांतपणे विचारा की रेकॉर्डिंग चालू आहे ना. हुज्जत घालू नका, रात्री एक वाजता रस्त्यावर कायदा शिकवून कुणी सुटल्याचं मी बघितलेलं नाही.

नाइट शिफ्टवाल्यांसाठी अजून एक. याच पोलीस कायद्याचं कलम १२२ आहे, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्ह्याच्या इराद्याने घातक हत्यार घेऊन सापडलं तर. इरादा पोलिसांना सिद्ध करावा लागतो हे खरं, पण "सहज ठेवला होता" हे उत्तर तुमच्या मदतीला येत नाही.

प्रश्न: मुलगी क्लासवरून रात्री नऊला एकटी येते. तिच्या पर्समध्ये स्वसंरक्षणासाठी एक फोल्डिंग चाकू ठेवू का? स्वतःचा बचाव करणं तर हक्क आहे ना?
– एक आई, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: बचावाचा हक्क आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्याबद्दलच आहेत. पण हल्ला झाल्यावर हाताला लागेल त्याने बचाव करणं वेगळं आणि रोज चाकू घेऊन फिरणं वेगळं. शस्त्र कायद्याची व्याख्याच अशी आहे की हल्ल्यासाठी "किंवा बचावासाठी" बनवलेली वस्तू म्हणजे शस्त्र. म्हणजे ती "बचावासाठी ठेवलाय" म्हणाली की आपल्याच तोंडाने त्याला शस्त्र म्हणून मोकळी होते, भाजी कापायचा आहे म्हणण्याची सोय पण गेली. शिवाय ओढाताणीत चाकू कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, ही मला कायद्यापेक्षा मोठी भीती वाटते. पेपर स्प्रे द्या, फोनवर ११२ कसा लावायचा ते एकदा करून दाखवा, आणि क्लासवाल्यांशी भांडून बॅच लवकरची मागा, ते जास्त उपयोगाचं.

तुमच्याच शहरात २०१८ मध्ये ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले होते, आठवत असेल. वेबसाइटवर मिळतं म्हणजे कायदेशीर आहे असं धरून चालू नका.

प्रश्न: मी हॉटेल मॅनेजमेंटला आहे, कॉलेजला दहा इंची शेफ नाइफ लागतो आणि रोज लोकलने जातो. हा तर नऊच्या वर गेला!
– विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर: स्वयंपाकासाठीच बनवलेला आहे, त्यामुळे ते नऊ इंचाचं माप तुझ्या चाकूला लागत नाही. मनाई आदेशातली "कोणतीही वस्तू" मात्र तुलाही लागू शकते, म्हणून तो चाकू म्हणून दिसता कामा नये. सुऱ्यांचा जो कापडी रोल मिळतो त्यात बांधून, बॅगेच्या तळाशी, वर ॲप्रन, आणि कॉलेजचं आयकार्ड जवळ. मेट्रोच्या स्कॅनरवर अडवतील, लोकलच बरी. गावी विमानाने गेलास तर तो चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये अजिबात नाही.

कामाची वस्तू आहे म्हणून कुणी विचारणारच नाही असं समजू नकोस. कोयता अस्सल शेतीचा, तरी २०२३ च्या सुरवातीला पुण्यात कोयता गँगचा धुमाकूळ झाल्यावर पोलिसांनी दुकानदारांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघून नोंद ठेवायला लावली, शेतकरी बिचारे ऊसतोडीला कोयता घेताना ओळखपत्र दाखवत होते.

प्रश्न: भाचा लेस्टरला शिकायला चाललाय, त्याला माझा जुना लॉकवाला चाकू देऊ का?
– मामा, सांगली

उत्तर: मामा, नको. ब्रिटनमध्ये तीन इंचापर्यंत पात्याचा, लॉक न होणारा घडीचा चाकूच कारण न देता जवळ ठेवता येतो. लॉक असला की माप कितीही छोटं असो, रस्त्यावर योग्य कारण दाखवावं लागतं आणि स्वसंरक्षण हे तिथे कारण धरत नाहीत. शिक्षा चार वर्षांपर्यंत आहे. बटणाचा तर २०२१ पासून घरात ठेवणंही गुन्हा. त्यापेक्षा त्याला प्रेशर कुकर द्या.