आधी सेमिनरी की आधी समाजकार्याची पदवी?

संगमनेर तालुक्यातील एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी समाजशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकते आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या त्यांच्या मंडळीत (स्थानिक चर्चच्या सभासद-समूहात) संडे स्कूल घेते. मंडळीत आणि गावात बदल घडवायचा असेल तर सेमिनरीत, म्हणजे पाळक (चर्चचे धर्मगुरू) घडवणाऱ्या संस्थेत, जाऊन पाळकसेवेचे शिक्षण घेतले पाहिजे, असे तिच्या मनाने घेतले आहे. ‘मुलीच्या जातीला पाळकी कोण देणार? त्यापेक्षा एम.एस.डब्ल्यू. किंवा बी.एड. कर,’ असे नातेवाईक म्हणतात. पालक स्वतः पास्टरेट कमिटीचे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचे) सभासद आहेत आणि त्यांना मुलीची हौस मोडायची नाही. पण हा मार्ग पोटापाण्याचा आहे का, हेही त्यांना कळत नाही.

आदरणीय महोदय,

सस्नेह नमस्कार. माझे मत आधीच सांगून टाकतो. कन्येने सेमिनरीत जरूर जावे, मात्र येत्या जूनमध्येच जाऊ नये. बी.ए. पूर्ण करून वर्ष-दोन वर्षे तिने एखाद्या संस्थेत पगारी काम करावे, मगच प्रवेशाचा अर्ज भरावा.

नातेवाइकांच्या पहिल्या शंकेला फार वेळ देण्याचे कारण नाही. आपल्या चर्चमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये २०१३ साली आणि आपल्या चर्चमध्ये २०२२ साली स्त्री बिशपपदावर आली. एखादी मंडळी बाई पाळक स्वीकारताना आजही कुरकुर करते, हे खरे आहे. पण ती अडचण नियमाची नसून सवयीची आहे.

पदवीविषयी अधिक काटेकोर राहावे लागेल. आपल्याकडे पाळकसेवेसाठी सामान्यतः बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही पदवी घेतात, आणि ती बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी (पदव्या देणाऱ्या मंडळाशी) संलग्न असलेल्या सेमिनरीतून घ्यावी. सेरामपूर कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार १८२७च्या डॅनिश राजसनदेने मिळाला आणि १९१८च्या बंगालच्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झाले. १९५३ साली यवतमाळला सुरू झालेली आणि १९८३ साली पुण्यात बिबवेवाडीला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आपल्याला जवळची आहे. बंगळुरूचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज हाही उत्तम पर्याय आहे. दोन खोल्यांच्या ‘बायबल कॉलेजां’पासून आणि तिथे वर्षभरात मिळणाऱ्या ‘डॉक्टर’ या उपाधीपासून मुलीला दूर ठेवा. शिवाय शिक्षकाच्या किंवा सरकारी नोकरीसाठी बी.डी. हा बी.ए.चा पर्याय समजला जाईल, असे गृहीत धरू नका; म्हणूनच हाती घेतलेली बी.ए. अर्धवट सोडू देऊ नका.

सेमिनरी निवडताना ग्रंथालय आणि वसतिगृह सगळेच पाहतात. आपण विचारायचे ते असे की विद्यार्थी शनिवार-रविवार कुठे जातात. चांगल्या संस्थेत विद्यार्थी शनिवारी दुपारी बसने नेमून दिलेल्या मंडळीत जातो, आजाऱ्याच्या घरी प्रार्थना घेतो, तरुण संघाची सभा चालवतो, रविवारी उपासनेत मदत करतो किंवा उपदेश देतो आणि परतल्यावर या सगळ्याचा लेखी अहवाल प्राध्यापकांपुढे ठेवतो. तो अहवाल कोण वाचतो, त्यावर चर्चा होते की नुसती सही होते, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकट्यात विचारावे. माहितीपत्रकात ते लिहिलेले नसते.

काम आधी आणि सेमिनरी नंतर, असा माझा आग्रह का, तेही सांगतो. आपल्या भागात ख्रिस्ती नेतृत्वातून जे टिकाऊ काम उभे राहिले, त्यात श्रद्धेबरोबर हातातले कसबही होते. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींना प्रार्थनेबरोबर छापखान्यातले काम शिकवले, आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा बायबलचा अनुवाद त्या छापखान्यात मुलींच्याच हातांनी छापला गेला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईत नागपाड्याच्या कामगार वस्तीत नेबरहूड हाउस हे समाजसेवा केंद्र चालवले आणि १९३६ साली तिथेच, त्यांच्याच संचालकत्वाखाली, आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची सुरुवात झाली. म्हणजे जी एम.एस.डब्ल्यू. नातेवाईक सेमिनरीच्या विरुद्ध उभी करत आहेत, तिच्या शिक्षणाचे एक मूळ मिशनच्याच अंगणात आहे! जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, बहुतांशी निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. जामखेड आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या किंवा तशा एखाद्या प्रकल्पात कन्येला वर्षभर काम मिळाले, तर पुढे सेमिनरीत ‘सेवा’ या विषयावर निबंध लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे माणसे असतील.

समाजात बदल घडवण्याची भाषा करणाऱ्या तरुणांना मंडळीच्या आतले प्रश्न अनेकदा क्षुल्लक वाटतात, आणि माझ्या मते त्यांची गाडी तिथेच अडते. आपण कमिटीवर आहात, त्यामुळे हे आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक असेल. वार्षिक सभेत हिशेब वाचले जातात तेव्हा किती जण प्रश्न विचारतात? विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट वेळेवर जातो का? दफनभूमीचा उतारा कोणाच्या नावावर आहे? मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या जमिनींवरून मंडळ्या वर्षानुवर्षे कोर्टात भांडतात, आणि ज्या पाळकाला ताळेबंद वाचता येत नाही तो कितीही सुंदर उपदेश देत असला तरी अशा वेळी दुसऱ्यांच्या हातचे बाहुले होतो. कन्येने सुट्टीत हिशेब ठेवण्याचा एखादा छोटा अभ्यासक्रम करावा, अशी माझी आवर्जून सूचना आहे. तसेच १९५०च्या अनुसूचित जातींच्या आदेशानुसार दलित समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. या एका गोष्टीचा दाखल्यांवर, शिष्यवृत्तीवर, लग्नसंबंधांवर आणि नावनोंदणीवर होणारा परिणाम जिला समजतो, तीच आपल्या तालुक्यातल्या मंडळीपुढे न्यायाविषयी खरेपणाने बोलू शकेल. अरविंद निर्मल यांनी १९८०च्या दशकात मांडलेले दलित ईशज्ञान (दलितांच्या अनुभवातून केलेला ख्रिस्ती धर्मविचार) तिला सेमिनरीत वाचायला मिळेलच.

आता पोटापाण्याचा प्रश्न. पाळकाचे वेतन धर्मप्रांतागणिक (बिशपच्या अखत्यारीतल्या विभागागणिक) बदलते, ते फारसे नसते, बदल्या होतात, आणि राहायला घर मिळाले तरी ते निवृत्तीनंतर सोडावे लागते. दीक्षा मिळण्याआधी पास्टरेटची शिफारस, धर्मप्रांताच्या समितीची मुलाखत आणि काही काळ उमेदवारी हे सारे पार करावे लागते, आणि बी.डी. मिळाली म्हणजे नेमणूक मिळालीच असे नसते. समाजकार्याचा अनुभव गाठीशी असेल तर हा मधला काळ जड जात नाही. पुढे तिला दीक्षा घ्यावीशी वाटली नाही, तरीही ख्रिस्ती संस्थांची रुग्णालये, वसतिगृहे आणि ग्रामीण प्रकल्प यांत अशा दुहेरी तयारीच्या माणसाला काम मिळू शकते.

धर्मप्रांताने तिला पुरस्कृत उमेदवार म्हणून पाठवले, तर शुल्काचा काही भाग उचलला जाऊ शकतो; त्याच्या बदल्यात ठरावीक वर्षे सेवा करण्याची अट असू शकते. ती अट, अभ्यास मध्येच सोडल्यास रक्कम परत करावी लागेल का, आणि शिक्षण संपल्यावर किती दिवसांत नेमणूक मिळेल, हे तिन्ही मुद्दे लेखी घ्या. आपण स्वतः कमिटीवर असल्याने तिच्या शिफारशीचा विषय निघेल त्या बैठकीत आपण बाहेर बसावे आणि इतिवृत्तात तशी नोंद करून घ्यावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक