पुण्यात पहिली सेकंडहँड गाडी घ्यायची आहे. काय तपासू आणि भाव कसा करू?

गाडी बघायला जाण्याआधी गाडीचा नंबर मागून एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाका. कितवा मालक, विमा कधी संपतो, कर्जाचा बोजा आहे का, सगळं दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

इंजिन थंड असतानाच बघायचं. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा, कारण खराब स्टार्टिंग आणि निळा धूर थंड इंजिनमध्ये पटकन उघडा पडतो.

पुण्यात पुराची गाडी ओळखता यायलाच हवी. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं होतं. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाचा डाग, सीटखालचे बोल्ट गंजलेले आणि कुबट वास, असं असेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. वायरिंगची दुखणी पुढे संपत नाहीत.

ट्रायल कात्रज घाटाच्या चढावर घ्या. आरपीएम (इंजिनचे फेरे) वाढतोय पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच गेला.

भाव करताना “थोडं कमी करा” म्हणू नका, खर्च मांडा. टायरवर २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यातला. चार टायर, क्लच, बॅटरी यांचं गॅरेजमधून कोटेशन घ्या आणि तेवढे वजा करा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो फरकही धरा. थकलेली ई-चलनं त्यांनीच भरायची. पैशांचा शेवटचा हप्ता मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावरच.