हृदय चालू झालं, मग मेंदूचं काय?

मागच्या अंकात सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, कसा द्यायचा यावर लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त प्रश्न मेंदूबद्दल होते, म्हणून यावेळचं सदर त्यालाच देतोय.

प्रश्न : डॉक्टर, माझ्या दिरांचं हृदय घरातच बंद पडलं. पुतण्याने छाती दाबत ठेवली, ॲम्ब्युलन्सवाल्यांनी शॉक दिला आणि हृदय परत सुरू झालं. पण भाऊजी शुद्धीवर यायला बरेच दिवस गेले. आयसीयूतले डॉक्टर रोज एकच म्हणायचे, हृदय ठीक आहे, मेंदूचं आत्ता सांगता येत नाही. आम्हाला वाटायचं काहीतरी लपवतायत. हृदय चालू झालं, रक्त पोचायला लागलं, मग मेंदूला झालं काय?

उत्तर : ताई, ते लपवत नव्हते, खरंच सांगता येत नाही त्या दिवसांत. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्केच असतं पण प्राणवायू तो २० टक्के घेतो आणि साठा म्हणाल तर जवळजवळ नाहीच. रक्त थांबलं की १० सेकंदांच्या आसपास माणूस बेशुद्ध होतो आणि पुढच्या काही मिनिटांत पेशींतली ऊर्जा संपते. ऊर्जा संपली की पेशीच्या भिंतीवरचे पंप बंद पडतात, सोडियम आत शिरतो, मागोमाग कॅल्शियम घुसतो आणि तिथून पेशीची मोडतोड सुरू होते.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. रक्त परत आलं की हे सगळं थांबत नाही, उलट काही नुकसान रक्त परत आल्यावरच सुरू होतं. दमलेल्या पेशींत एकदम प्राणवायू आला की त्यातून घातक रेणू तयार होतात, मेंदूला सूज येते, बारीक केशवाहिन्यांपैकी काहींमधून रक्त नीट जातच नाही, झटके येऊ शकतात. आणि सगळ्याच पेशी एकाच वेळी मरत नाहीत. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, नव्या आठवणी साठवण्याचं काम त्याचं, तिथल्या काही पेशी रक्त परत आल्यावर दोन-तीन दिवस बऱ्या दिसतात आणि मग मरतात. हे १९८२ मध्ये प्राण्यांवरच्या अभ्यासात स्पष्ट दिसलं आणि तेव्हापासून संशोधकांची सगळी धडपड या मधल्या दोन-तीन दिवसांसाठी आहे, कारण पेशी अजून मेलेली नाही म्हणजे वाचवायला वाव आहे.

मॉस्कोचे व्लादिमीर नेगोव्स्की यांनी ७० च्या दशकात याला स्वतंत्र आजार म्हटलं होतं, पुनरुज्जीवनानंतरचा आजार. पीटर सफर हे नावही माहीत असू द्या, तोंडाने श्वास देण्याची पद्धत सिद्ध करणारे हेच. १९६६ मध्ये त्यांच्या लहान मुलीला दम्याचा झटका आला, हृदय बंद पडलं, ते परत सुरू करता आलं पण मेंदू वाचला नाही आणि ती गेली. हृदय वाचवून भागत नाही, मेंदू वाचला पाहिजे, हे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले आणि त्यावरच काम करत राहिले.

आणि पुतण्याला माझ्याकडून जरूर सांगा, त्याने जे केलं त्याच्या तोडीचं औषध आज आमच्याकडे नाही. छाती दाबल्याने नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकंच रक्त फिरतं, पण तेवढ्यावर मेंदू तग धरतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मध्ये न थांबता.

प्रश्न : अशा पेशंटला मुद्दाम थंड करतात असं ऐकलंय. आमच्या ओळखीत एकाला केलं, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये दुसऱ्याला नाही केलं, तो वारला. हा हलगर्जीपणा म्हणायचा का?

उत्तर : नाही हो, नुसतं थंड केलं नाही एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. या विषयात मागच्या वीस-पंचवीस वर्षांत मतं इतकी बदलली आहेत की जरा सविस्तरच सांगतो.

थंडीने मेंदू वाचतो ही कल्पना हवेतली नाही. तापमान उतरलं की पेशींची भूक कमी होते. १९९९ मध्ये नॉर्वेत एक तरुणी स्कीइंग करताना बर्फाखालच्या ओढ्यात अडकली, तिच्या शरीराचं तापमान १३.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं होतं आणि ती वाचली. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या, ती आधी थंड झाली आणि हृदय नंतर बंद पडलं. आपल्या पेशंटचं उलटं असतं, हृदय आधी बंद पडतं, मेंदूला मार बसून गेलेला असतो आणि मग आपण थंड करायला घेतो. या दोन गोष्टी एक नाहीत.

तरी २००२ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी छापून आले आणि आमच्या क्षेत्रात खूप आशा निर्माण झाली. युरोपातल्या अभ्यासात २७५ पेशंट होते, ३२ ते ३४ अंशांवर २४ तास ठेवलेल्यांपैकी ५५ टक्के चांगल्या अवस्थेत वाचले, थंड न केलेल्यांत ३९ टक्के. ऑस्ट्रेलियातला लहान होता, ७७ पेशंट, ४९ विरुद्ध २६ टक्के. मग जगभर थंड करणं सुरू झालं.

पण एक शंका होती. थंड न केलेल्या गटातल्या बऱ्याच जणांचं तापमान साध्या तापाइतकं वर गेलं होतं. म्हणजे फायदा थंडीचा झाला की ताप न येऊ दिल्याचा? २०१३ मध्ये ९३९ जणांवर ३३ अंश आणि ३६ अंश अशी तुलना झाली, काही फरक नाही. मग २०२१ मध्ये त्याहून मोठा अभ्यास, सुमारे १,९०० पेशंट, अर्ध्यांना ३३ अंशांवर ठेवलं आणि अर्ध्यांना नेहमीच्या तापमानावर, फक्त ताप चढू द्यायचा नाही. सहा महिन्यांनी थंड केलेल्यांत ५० टक्के मृत्यू आणि दुसऱ्या गटात ४८ टक्के. वर थंड केलेल्यांमध्ये हृदयाचे ठोके बिघडण्याचा त्रास जास्त. त्याआधी अमेरिकेत ॲम्ब्युलन्समध्येच थंडगार सलाईन द्यायचा प्रयोग झाला होता, लवकर थंड केलं तर तरी उपयोग होईल म्हणून, तर फायदा नाहीच, उलट फुप्फुसात पाणी आणि हृदय पुन्हा बंद पडण्याचं प्रमाण वाढलं.

विषय मिटला असं मात्र मी म्हणणार नाही. ज्यांच्या हृदयाला शॉक देण्यासारखी लय नव्हती, म्हणजे विजेच्या झटक्याने ठोके सुरळीत होतील अशी स्थिती नव्हती, अशा पेशंटांवर फ्रान्समध्ये अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये आला, त्यात ३३ अंशांवर ठेवलेल्यांपैकी १०.२ टक्के चांगल्या अवस्थेत राहिले आणि ३७ वर ठेवलेल्यांपैकी ५.७ टक्के. म्हणून काही ठिकाणी अजून थंड करतात आणि तेही चूक नाही. सगळ्यांचं एकमत एका गोष्टीवर आहे, ताप चढू द्यायचा नाही. भाजलेल्या जागेला पुन्हा चटका बसावा तसा ताप दुखावलेल्या मेंदूला बाधतो. युरोपातल्या मार्गदर्शक तत्त्वांनी २०२१ मध्ये हेच सांगितलं, बेशुद्ध पेशंटचं तापमान ३७.७ च्या वर जाऊ देऊ नका, निदान ७२ तास.

ऐकायला सोपं वाटतं पण आयसीयूत हे काम २४ तासांचं असतं. तापमान काखेत बघून चालत नाही, मूत्राशयात किंवा अन्ननलिकेत सेन्सर ठेवतात, अंगाला पाणी फिरणारे पॅड गुंडाळतात, पेशंट कुडकुडायला लागला की गुंगीचं औषध वाढवावं लागतं कारण कुडकुडण्याने प्राणवायूचा खप वाढतो, आणि थंड केलेल्याला परत गरम करताना तासाला पाव ते अर्धा अंश, त्याहून घाई नाही. रात्रपाळीच्या सिस्टर हे सगळं सांभाळत असतात, नातेवाइकांना ते दिसत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

प्रश्न : एवढं विज्ञान पुढे गेलं, मेंदू वाचवणारं एखादं इंजेक्शन का नाही?

उत्तर : प्रयत्न कमी झालेले नाहीत. थायोपेंटल हे भुलीचं औषध दिलं, १९८६ मध्ये निकाल आला, फायदा नाही. मग लिडोफ्लाझिन, मॅग्नेशियम, डायझेपाम, तेच. झेनॉन वायू हुंगवून पाहिला, २०१६ च्या त्या अभ्यासात मेंदूच्या एमआरआयमध्ये नुकसान कमी दिसलं पण मृत्यू कमी झाले असं ठामपणे म्हणता आलं नाही, ११० च पेशंट होते. प्राण्यांत चालतं आणि माणसांत चालत नाही याचं एक कारण मला असं वाटतं की प्रयोगशाळेतल्या तरुण निरोगी प्राण्याचं हृदय ठरवून बंद केलेलं असतं, आपल्याकडे येणारा माणूस वयस्कर, मधुमेही, किती मिनिटं पडून होता ते कुणालाच माहीत नाही. शिवाय नुकसान एका वाटेने होत नाही, एक औषध एकच वाट अडवतं.

२०१९ ची येल विद्यापीठातली डुकरांच्या मेंदूची बातमी बऱ्याच जणांनी पाठवलीय. मृत्यूनंतर चार तासांनी काही पेशींचं काम परत सुरू झालं हे खरं, पण मेंदू जागा झाला नव्हता, विचार-जाणिवेसाठी लागते तशी विद्युत हालचाल त्यात नव्हती. पेशी आपण समजत होतो त्यापेक्षा उशिरा मरतात एवढं त्यातून कळलं आणि माझ्या मते ते फार मोलाचं आहे.

प्रश्न : आमच्या आईच्या वेळी दुसऱ्याच दिवशी आम्हाला सांगितलं गेलं की आशा नाही, व्हेंटिलेटर काढायचं का ते ठरवा. हे एवढ्या लवकर ठरवता येतं?

उत्तर : तुमच्या आईंची केस मी पाहिलेली नाही त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलणार नाही, आणि मेंदू मृत झाल्याचं सगळ्या तपासण्यांनी सिद्ध झालं असेल तर ती वेगळी गोष्ट. पण नुसता बेशुद्ध आहे म्हणून दुसऱ्या दिवशी आशा सोडायची नसते. किमान ७२ तास थांबायचं, आणि गुंगीची औषधं अंगातून उतरली नसतील तर त्याहूनही जास्त. याबाबत मी फार आग्रही आहे कारण यात एक चक्र आहे, लवकर सांगितलं आशा नाही, उपचार थांबवले, माणूस गेला, मग सगळ्यांना वाटतं अंदाज बरोबर होता. तो बरा झाला असता का हे कधी कळतच नाही.

थांबून काय बघायचं? डोळ्यावर बॅटरी मारली की बाहुली आकसते का. मनगटावर विजेचा बारीक झटका देतात आणि सुमारे २० मिलिसेकंदांनी त्याची नोंद डोक्यावरच्या इलेक्ट्रोडवर उमटते का ते बघतात, ती दोन्ही बाजूंना उमटलीच नाही तर लक्षण वाईट. ईईजी म्हणजे मेंदूच्या विद्युत हालचालीचा आलेख, सीटी किंवा एमआरआय, आणि मेंदूच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एनएसई नावाचं प्रथिन. यातली एकच तपासणी धरून निर्णय करायचा नाही, दोन-तीन एकाच दिशेने बोट दाखवत असतील तरच. आणि उत्तर मधलंच आलं तर आणखी थांबायचं, काही जण आठवड्यानंतरही शुद्धीवर येतात. नातेवाइकांनी सरळ विचारावं, डॉक्टर, गुंगीचं औषध शेवटचं कधी दिलं, कोणत्या तपासण्या झाल्या. हे विचारणं उद्धटपणा नाही.

प्रश्न : मिस्टर यातून वाचले, घरी आले. पण सांगितलेलं विसरतात, लवकर थकतात, पटकन चिडतात. फाइलवर लिहिलंय रिकव्हरी चांगली.

उत्तर : ताई, फाइलवरचं चांगली म्हणजे स्वतःचं स्वतः करू शकतात एवढंच. हिप्पोकॅम्पसचं वर लिहिलंय, त्यामुळे विसरणं हे नेहमीचं आहे, थकवा आणि चिडचिडही, ते मुद्दाम करत नाहीयेत. हृदयाच्या डॉक्टरांकडे फॉलोअपला जाल तेव्हा स्मरणशक्ती आणि मनःस्थितीची तपासणी मागून घ्या, युरोपातल्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन महिन्यांच्या आत ती करावी असं लिहिलंय पण बऱ्याचदा राहून जाते. घरी वही किंवा मोबाइलचे रिमाइंडर, एका वेळी एकच काम, दुपारची विश्रांती, गाडी चालवणं डॉक्टरांना विचारूनच. आणि ज्यांनी तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला त्यांनाही नंतर झोप न लागणं, भीती वाटणं होतं, तुम्हाला तसं होत असेल तर त्याच भेटीत स्वतःबद्दलही बोला, तुमची तपासणीही तितकीच गरजेची आहे.